सेवापुस्तिकेत नसलेले पान

अमीनाबाद, लखनौ

रेल्वेतल्या किंवा टपाल खात्यातल्या कामगाराला फुप्फुसाचा कर्करोग झाला, की दवाखान्यातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : बिडी ओढता का? तंबाखू खाता का? उत्तर ‘होय’ आले की कागदावर तशी नोंद होते आणि चौकशी तिथेच संपते. तीस-पस्तीस वर्षे तुम्ही कोणत्या विभागात होता, कोणती धूळ, कोणता धूर रोज छातीत घेत होता, हा दुसरा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. आणि विचारला, तरी त्याचे उत्तर देणारा एकही कागद कामगाराजवळ नसतो.

हा दुसरा प्रश्न काही नवा नाही. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि ‘तू काम काय करतोस?’ हेही रोग्याला विचारा, असे आपल्या व्यवसायबंधूंना बजावले. १७७५ साली लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी दाखवून दिले, की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे वृषणाच्या त्वचेचा जो कर्करोग होतो तो काजळीमुळे होतो. म्हणजे कामातून कर्करोग होऊ शकतो ही गोष्ट वैद्यकशास्त्राला अडीचशे वर्षे ठाऊक आहे. आपल्या सेवापुस्तिकेला मात्र ती अजून ठाऊक झालेली नाही.

या लेखाचा मुद्दा तेवढाच आहे. कामगार कोणत्या घातक पदार्थाजवळ, किती वर्षे काम करीत होता याची लेखी नोंद ठेवणे, ही आपल्या संघटनांची पहिल्या क्रमांकाची मागणी झाली पाहिजे. भत्त्याच्याही आधीची.

वर्कशॉप इकडे, शास्त्र तिकडे

लखनौ हे मराठी रेल्वे कामगाराला परके शहर नाही. पुष्पक एक्स्प्रेसने ते मुंबईशी जोडलेले आहे. इथल्या मानकनगरात रेल्वेची आर.डी.एस.ओ. ही संस्था आहे. १९५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेत इंजिनापासून ब्रेकब्लॉकपर्यंत कोणता माल कसा असावा याची मानके ठरतात, आणि परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपमधला फिटर तोच माल हाताळतो.

अमीनाबाद ही या शहरातली जुनी, गजबजलेली बाजारपेठ. इथून एका दिशेला गेले की चारबाग स्टेशन, चारबागचे इंजिनांचे वर्कशॉप, आलमबागचे डब्या-वाघिणींचे वर्कशॉप आणि डिझेल शेड लागते. दुसऱ्या दिशेला, महात्मा गांधी मार्गावर, केंद्र सरकारच्या वैज्ञानिक परिषदेने १९६५ साली उभारलेले औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र आहे. आज त्याचे नाव भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्थान असे आहे. डॉ. सिब्ते हसन झैदी हे त्याचे पहिले संचालक. कारखान्यातली धूळ आणि रसायने माणसाच्या शरीरात काय करतात, हाच या संस्थेचा विषय. डॉ. कमर रहमान यांनी अस्बेस्टॉसच्या विषारीपणावर वर्षानुवर्षे संशोधन केले ते इथेच.

एका बाजूला धूळ, दुसऱ्या बाजूला त्या धुळीचे ज्ञान, आणि मध्ये अवघे काही किलोमीटर. मुंबईतही तेच चित्र आहे. परळच्या वर्कशॉपपासून १९४१ साली सुरू झालेले टाटा मेमोरियल हॉस्पिटल काही लांब नाही. ज्ञान आहे, संस्था आहेत, डॉक्टर आहेत. नाही तो एक कागद, जो कामगाराच्या हातून वर्कशॉपमधून निघून डॉक्टरच्या टेबलावर पोहोचेल.

आपण काय हुंगले?

अस्बेस्टॉसचे नाव आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेले आहे. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरभोवतीचे वेष्टन, सांध्यातले पॅकिंग, जुने ब्रेकब्लॉक, डब्यांतली उष्णतारोधक अस्तरे, शेडवरचे आणि छोट्या टपाल कार्यालयांवरचे सिमेंटचे पत्रे, या सगळ्यांत तो वापरला गेला. पत्रा नुसता छपरावर पडून असतो तोवर धोका कमी. तो कापला, भोक पाडले, फोडला किंवा जुने वेष्टन खरवडून काढले की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात. ते फुप्फुसात रुतून बसतात आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाहीत. त्यातून फुप्फुस कडक करणारा अस्बेस्टॉसिस होतो, फुप्फुसाचा कर्करोग होतो आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा जवळजवळ अस्बेस्टॉसचाच म्हणावा असा कर्करोग होतो. पांढरा अस्बेस्टॉस निरुपद्रवी असतो असे पत्रा-उद्योग सांगत आला. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे स्पष्ट आहे : सर्व प्रकारचे अस्बेस्टॉस कर्करोगकारक आहेत. ब्रिटनने १९९९ साली पांढऱ्या अस्बेस्टॉसवरही बंदी घातली. आपल्या देशात त्याची आयात होते आणि पत्रे बनतात.

दुसरा डिझेलचा धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराला ‘माणसात कर्करोग निर्माण करणारा’ या पहिल्या गटात टाकले. लोको शेडमधला खलाशी, सुरू असलेल्या इंजिनाखाली काम करणारा फिटर, यार्डातला शंटर, मेल मोटर सर्व्हिसचा ड्रायव्हर, प्लॅटफॉर्मवर टपालाच्या थैल्या चढवणारा आर.एम.एस.चा कामगार, या सर्वांनी तो वर्षानुवर्षे घेतला आहे. त्याच संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुरालाही पहिल्या गटात घेतले. रंगाऱ्याचे काम, बेंझिन, दगडाच्या धुळीतली सिलिका आणि शुद्ध न केलेली खनिज तेले हीसुद्धा त्याच गटात आहेत. गिट्टीची धूळ खाणारा ट्रॅकमन, वेल्डर, पेंटर, तेलाच्या टाकीत हात घालणारा मेकॅनिक : आपल्या सभासदांपैकी कोण उरला?

कोणी म्हणेल, आता वाफेची इंजिने गेली, मार्गांचे विद्युतीकरण होत आले, ब्रेकब्लॉकही अस्बेस्टॉसविरहित आले; मग जुने उकरून काय उपयोग? उपयोग हाच, की हा रोग जुनाच असतो. धूळ छातीत गेल्यापासून कर्करोग दिसेपर्यंत वीस, तीस, कधी चाळीस वर्षे जातात. समजा, एखादा मुलगा १९७२ साली विसाव्या वर्षी खलाशी म्हणून लागला आणि पहिली दहा वर्षे बॉयलरची जुनी वेष्टने काढीत राहिला. २०१२ साली तो निवृत्त झाला. त्याला धाप लागायला सुरुवात झाली २०१५ मध्ये. तोवर त्याचा विभाग बंद झालेला असेल, शेड पाडलेली असेल, सुपरवायझर वारलेला असेल. त्याच्या सर्व्हिस शीटवर नेमणूक आहे, बढती आहे, रजा आहे, शिक्षा असेल तर तीही आहे. पण तो कशाची धूळ खात होता याचा शब्दही नाही.

इंग्लंडमधल्या यॉर्क शहराची गोष्ट आपल्याला जवळची आहे. तिथल्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात महायुद्धानंतरच्या काळात डब्यांच्या आतून निळ्या अस्बेस्टॉसचा फवारा मारीत. कारखाना १९९६ साली बंद झाला. त्याच्या जुन्या कामगारांचे मेसोथेलिओमाने होणारे मृत्यू मात्र कारखान्याबरोबर बंद झाले नाहीत. ते पुढेही होत राहिले. कारखाना थांबतो, घड्याळ थांबत नाही.

युनियनच्या वहीने लावलेला शोध

अस्बेस्टॉसमुळे कामगार मरतात हे जगापुढे निर्विवादपणे कसे सिद्ध झाले, हे प्रत्येक शाखा सचिवाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. न्यूयॉर्कचे डॉक्टर आयर्विंग सेलिकॉफ यांनी कंपन्यांच्या दप्तरावर भिस्त न ठेवता इन्शुलेशन कामगारांच्या युनियनकडे धाव घेतली. युनियनच्या सभासद नोंदवहीत १९४२ अखेर असलेले ६३२ कामगार त्यांनी धरले आणि प्रत्येकाचे पुढे काय झाले याचा माग काढला. त्या वयाच्या सर्वसाधारण लोकांच्या हिशेबाने फुप्फुस आणि त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने सहा-सात जण दगावायला हवे होते. दगावले ४५. हे निष्कर्ष १९६४ साली प्रसिद्ध झाले आणि अस्बेस्टॉस उद्योगाची झोप उडाली.

त्याच युनियनच्या अमेरिका आणि कॅनडातील १७ हजार ८०० सभासदांचा पुढे अभ्यास झाला, आणि त्यातून तंबाखूच्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळाले. धूम्रपान न करणाऱ्या, अस्बेस्टॉसशी संबंध न आलेल्या माणसाचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका एक धरला, तर नुसत्या अस्बेस्टॉसने तो सुमारे पाचपट होतो, नुसत्या सिगारेटने सुमारे अकरापट, आणि दोन्ही एकत्र आल्यास पन्नासपटींहून अधिक. म्हणजे धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. ‘हा बिडी ओढत होता’ एवढे लिहून कामाचा भाग खोडणारा कागद म्हणूनच अर्धा खोटा असतो. बिडी ओढणाऱ्या कामगाराला अस्बेस्टॉसपासून अधिक जपायला हवे होते, हा त्या आकड्यांचा अर्थ.

डिझेलचेही तसेच. अमेरिकेतील सुमारे ५५ हजार रेल्वे कामगारांचा १९५९ ते १९९६ या काळातील अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. डिझेल गाड्यांवर आणि त्यांच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू इतर रेल्वे कामगारांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त निघाले. हे कळू शकले, कारण तिथल्या रेल्वे निवृत्तिवेतन मंडळाकडे कोण कोणत्या वर्षी कोणत्या कामावर होता याची नोंद होती. तीच नोंद नसती, तर तेच मृत्यू ‘नशीब’ या सदरात गेले असते. आपल्याकडचे कोणत्या सदरात जातात, ते आपण जाणतोच.

मुंबईतही असा प्रयत्न झाला आहे. अस्बेस्टॉस वापरणाऱ्या एका कारखान्यातल्या कामगारांची कामगारांच्या बाजूच्या डॉक्टरांनी स्वतंत्र तपासणी केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत तपासलेल्या दर पाचांपैकी एकाहून अधिक जणांना अस्बेस्टॉसिस असल्याचे आढळले. शोधले की सापडते, हा त्याचा धडा.

कायदा आहे, कागद कुठे आहे?

कायद्यात काहीच नाही असे कोणी समजू नये. भोपाळच्या १९८४च्या वायुकांडानंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. विषारी पदार्थांशी संबंध येणाऱ्या कामगाराची अद्ययावत आरोग्यनोंद ठेवणे, ती त्याला पाहू देणे, सुरक्षा समितीत कामगारांना स्थान देणे या गोष्टी त्यात आल्या. कामातून होणारा कर्करोग आणि अस्बेस्टॉसिस ही दोन्ही नावे कायद्याने कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. या संहितांना अनेक कामगार संघटनांचा विरोध आहे आणि तो रास्त आहे. पण घातक पदार्थांबाबतच्या आरोग्यनोंदींची आणि कळवण्याच्या रोगांची तरतूद नव्या संहितेतही आहे. ठरवून दिलेल्या वर्गांतील कामगारांसाठी वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीही आहे. प्रश्न असा, की त्या तपासणीत नुसते वजन, साखर आणि रक्तदाब पाहिला जाणार, की कामाचा इतिहासही विचारला जाणार? तो विचारायला लावणे हे आपले काम.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दिलेला निकाल प्रत्येक शाखेच्या कपाटात हवा. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. अस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपावी, असा आदेश दिला. आणि अस्बेस्टॉसिस झालेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाई द्यावी, असेही ठरवून दिले. निवृत्तीनंतर १५ वर्षे हे शब्द ध्यानात घ्या. रोग निवृत्तीनंतर येतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला १९९५ सालीच कळले होते.

नुकसानभरपाईचेही तेच. अस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग १९२३च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक रोग म्हणून आला. त्या कायद्याची जागाही आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. परिशिष्टातल्या कामावर ठरावीक काळ राहिलेल्या माणसाला तो रोग झाला, तर तो नोकरीतूनच झाला असे धरून चालावे, हे या कायद्याचे तत्त्व आहे. पण तो त्या कामावर होता हे आधी दाखवावे लागते. कशाने दाखवणार? पुन्हा तोच कागद.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा व्यावसायिक कर्करोगाविषयीचा १९७४ सालचा करार क्रमांक १३९ नेमके हेच सांगतो : कर्करोगकारक पदार्थांच्या जागी निर्धोक पदार्थ आणा, संपर्कात येणाऱ्या कामगारांची नोंद ठेवा, नोकरीत असताना आणि नोकरीनंतरही त्यांची तपासणी करा. बेंझिनविषयीचा करार भारताने १९९१ साली मान्य केला. हा १३९ क्रमांकाचा मात्र मान्य केलेला नाही. आपल्या महासंघांच्या मागणीपत्रात तो असायला हवा.

भत्ता नको, पान हवे

इथे आपल्याच चळवळीला एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. धोक्याचे काम आले, की आपण जोखीम भत्ता मागतो. प्रशासनालाही ते सोयीचे पडते; पाचपन्नास रुपये वाढवून देणे हे धूर खेचून घेणारी यंत्रणा बसवण्यापेक्षा स्वस्त. पण भत्त्याने तंतू फुप्फुसातून बाहेर निघत नाही. आधी घातक पदार्थच बदला; ते जमत नसेल तर धूळ-धूर जिथे निर्माण होतो तिथेच तो ओढून घ्या; ओल्या पद्धतीने काम करा; आणि हे सर्व करून जे उरेल त्यासाठी चांगला मास्क द्या, हा क्रम आहे. आपल्याकडे तो उलटा चालतो. मास्क आधी, तोही कापडाचा, आणि बाकीचे पुढच्या बजेटमध्ये.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. प्रत्येक कामगाराच्या सेवापुस्तिकेत एक स्वतंत्र पान जोडा : विभाग, काम, संपर्कात आलेले पदार्थ, कधीपासून कधीपर्यंत. बदलीच्या आणि निवृत्तीच्या वेळी त्याची सही-शिक्क्याची प्रत कामगाराच्या हाती द्या. निवृत्त रेल्वे कामगाराच्या आरोग्य कार्डावर आणि टपाल खात्यातील निवृत्तांच्या केंद्रीय आरोग्य योजनेच्या कार्डावर त्या पानाची नोंद करा, म्हणजे छातीचा फोटो पाहणारा डॉक्टर काय शोधायचे ते जाणेल. धुळीच्या रोगांचे फोटो वाचण्याचे प्रशिक्षण रेल्वे रुग्णालयांतील डॉक्टरांना द्या. आणि जुनी छपरे उतरवणे, टाक्या धुणे ही कामे ज्यांच्या माथी मारली जातात, त्या कंत्राटी कामगारांचे पान आधी भरा. त्यांना तर सेवापुस्तिकाच नाही. कंत्राट संपले की माणूसच पुसला जातो.

प्रशासन हे पान देईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सेलिकॉफना जी वही उपयोगी पडली, ती युनियनची होती. येत्या मासिक सभेत प्रत्येक शाखेने दोनशे पानी वही घ्यावी. हयात असलेल्या निवृत्त सभासदांना बोलवावे. कोणी किती साली कोणत्या शेडमध्ये काय काम केले, सोबत कोण होते, काय वापरत होते हे त्यांच्या तोंडून लिहून घ्यावे आणि खाली दोन सहकाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. ज्यांचे निधन झाले त्यांच्या घरी जाऊन रोगाचे नाव विचारून घ्यावे. ही माहिती खासगी असते; ती शाखेच्या कुलपात राहावी आणि कुटुंबाच्या संमतीनेच वापरावी. कोणत्या विभागात कोणता माल आला, याचे कागद २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतात, तेही मागावेत.

तंबाखू सोडाच. लखनौत किमाम आणि जर्दा जागोजागी मिळतो, आपल्याकडे मळलेल्या तंबाखूची चंची खिशात असते, आणि दोन्ही माणसे मारतात. शाखेच्या सभेत हे स्पष्ट बोलले गेले पाहिजे. पण कामगाराने तंबाखू सोडावी असे सांगणाऱ्या प्रशासनाने अस्बेस्टॉस आणि डिझेलचा धूर यांचा हिशेबही मांडला पाहिजे. एकाची सवय कागदावर येते आणि दुसऱ्याची जबाबदारी येत नाही, असा एकतर्फी कागद आपण स्वीकारायचा नाही.

ज्यांनी १९७० ते २०१० या काळात शेडमध्ये आणि वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षे घातली, त्यांच्यातल्या काहींचा रोग अजून दिसायचा आहे. त्या वर्षांचे साक्षीदार सत्तरी-ऐंशीला आले आहेत. ती वही या वर्षी भरली नाही, तर पुढे ती भरून द्यायला कोणी उरणार नाही.